समुद्रातून आलेली ‘नागीण’

दिवाळीची सुट्टी लागली की लातूर-नांदेडच्या गाड्या तारकर्ली-मालवणच्या वाटेला लागतात. दोन दिवस समुद्रात डुंबून मंडळी परततात आणि कुणाच्या तरी मांडीवर लाल रेघ उमटते. बारीक फोड, आग, खाज. घरातली मोठी माणसं एक नजर टाकून सांगतात, ‘नागीण आहे.’ मग गेरूचा लेप लागतो. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची (आणि साफ खोटी) भीती सोबत असतेच.

पण ही रेघ नागिणीचीच असेल असं नाही. मालवणच्या खडकांवर सरगॅसमसारखं तपकिरी शेवाळ वाढतं. समुद्री शेवाळाच्या पात्यांना हायड्रॉइड नावाचे चिमुकले प्राणी चिकटून राहतात. दिसायला पिसासारखे; बघणाऱ्याला तेही शेवाळच वाटतं. दहावीच्या पुस्तकातला हायड्रा हा त्यांचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. त्यांच्या शुंडकांवर दंशपेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेला विषारी धागा. स्पर्श होताच तो सुटतो. हायड्रावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा टोचण्याचा वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरला. हात मागे घ्यायला सवडच नाही.

बहुतेक हायड्रॉइडचा डंख माणसाला जाणवतही नाही. काहींचा मात्र चांगलाच जाणवतो. लगेच गांधी उठतात, किंवा काही तासांनी ओळीने फोड येतात, थेट नागिणीसारखे. तोवर गाडी सोलापूरच्या पुढे आलेली असते. मराठवाड्यातल्या दवाखान्यात ‘समुद्रात उतरला होतात का?’ असं सहसा कुणी विचारत नाही. म्हणून ते रुग्णानेच सांगावं.

नागीण म्हणजे कांजिण्यांचा मज्जातंतूत दबा धरून बसलेला विषाणू. तिच्यात बहुधा आधी दुखतं, मग फोड येतात, तेही शरीराच्या एकाच बाजूला. डंख जिथे स्पर्श झाला तिथे उठतो, कधी दोन्ही पायांवर. हा फरक घरच्या घरी ठरवू नये. खरी नागीण असेल तर विषाणूविरोधी औषध शक्यतो ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. पन्नाशीपुढच्यांनी आणि मधुमेहींनी तर गेरूत दिवस घालवूच नयेत.

डंख लागलाच तर चोळू नका, वाळू घासू नका. आधी समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने उरलेल्या दंशपेशी फुटू शकतात. चिकटलेले तुकडे चिमट्याने काढा. त्यानंतर सोसेल इतक्या गरम पाण्याने वीसेक मिनिटं शेका. दम लागला, ओठ सुजले किंवा भोवळ आली, तर तडक रुग्णालय गाठा.

पूर्वी असा डंख लागला असेल तर जास्त जपायला हवं. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी समुद्रफुलाचं, म्हणजे हायड्रॉइडच्याच नात्यातल्या प्राण्याचं विष कुत्र्यांना टोचलं. पहिल्या वेळी तगलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने काही मिनिटांत कोसळला. १९०२ मध्ये त्यांनी या तीव्र ॲलर्जीला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिलं. रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

आणि पोरांच्या पिशवीतले शंख-शिंपले पाहताना त्यात वाळलेलं शेवाळही आलंय का, तेही बघा. सुकलेल्या दंशपेशीही डंख मारू शकतात.