पत्र्याची तक्तपोशी

वैशाखाच्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं रंधा मारणाऱ्या सुताराला ऊन जणूं डोक्यावरच असल्यासारखें वाटतें. तापलेला पत्रा खालीं सतत उष्णता फेंकीत असतो. यावर खालून दुसऱ्या पत्र्याची तक्तपोशी करावी असें म्हणतांच पुष्कळांना हसूं येईल. परंतु लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढविण्याची जी कृति सोरेल या फ्रेंच अभियंत्यानें १८३७ सालीं नोंदविली, तिनें गंज तर टळतोच, शिवाय चकाकीहि येते. आणि चकचकीत पृष्ठभाग तापला तरी उष्णता थोडीच सोडतो. वरच्या अंगास धूळ बसली तरी खालची चकाकी आपलें काम करीतच राहते.

मात्र दोन पत्र्यांमध्यें वारा खेळला पाहिजे. वळचणीशीं व आढ्याशीं वाट ठेविली नाहीं, तर मधली पोकळी भट्टीसारखी तापते. आणि थंडीच्या पहांटे, खालून वर गेलेली ओलसर हवा अडकून, छपराच्या आंतल्या अंगाला सांचलेलें पाणी तक्तपोशीवर ठिबकतें. गुरांच्या गोठ्यांत ही वाट अधिकच हवी, कारण गोमूत्रांतून सुटणारा अमोनिया ओलाव्याबरोबर जस्त खातो.

खरी जोखीम कैच्यांची. केवळ छपरापुरत्या बांधलेल्या कैच्या हा नवा भार पेलतील कीं नाहीं, हें जाणत्या मिस्त्रीस आधीं दाखवावें. पुष्कळजण तें पत्रे आणल्यावर विचारतात! मग कैच्यांच्या खालच्या दांड्यांना आडव्या लांकडी पट्ट्या ठोकून, प्रत्येक जोड पट्टीवरच येईल असा बेत करावा. स्क्रू जस्ताच्या मुलाम्याचेच घ्यावेत. तांब्याचा खिळा दमट हवेंत सभोंवतालचें जस्त झिजवितो.