दोन डोक्यांची गाय आणि टोपणांची तिजोरी: 'फॉलआउट'ची धमाल सफर!

मंडळी, गेमर असाल तर सरसावून बसा. नसाल तर आणखी सरसावून बसा! तारीख २३ ऑक्टोबर २०७७. अणुबॉम्ब पडलेत, जग बेचिराख. उरलेत ते जमिनीखालच्या 'व्हॉल्ट'मध्ये दडलेले लोक, वर फिरणारे म्युटंट्स आणि एक गाय. गायीला डोकी दोन! 'फॉलआउट' नावाच्या सुपरहिट सायन्स फिक्शन रोल-प्लेइंग गेममालेत तुमचं स्वागत.

माहीत आहे का, या मालिकेतला एक अख्खा गेम आपल्याकडे अडला होता? ऑक्टोबर २००८. 'फॉलआउट ३' जगभर झळकणार, तेवढ्यात मायक्रोसॉफ्टनं सांगून टाकलं, भारतात एक्सबॉक्स ३६० वर तो येणार नाही. कारण? 'सांस्कृतिक संवेदनशीलता'. नेमकं काय खटकलं ते कंपनीनं सांगितलं नाही. पण सगळ्यांची बोटं वळली गायीकडे, कारण गेममध्ये तिचं नाव आहे 'ब्राह्मिन'. झाला की नाही ब्रह्मघोटाळा!

धमाल पुढेच आहे. ही गाय १९९७ च्या पहिल्या भागापासून रवंथ करतेय. आणि २०१५ साली 'फॉलआउट ४' भारतात आला, तोही हिच्यासकट. डोकी तितकीच, नाव तेच!

भारताचा वास तर मालिकेला पहिल्या दिवसापासून आहे. माहीत आहे का, पहिल्या भागात 'शेडी सँड्स' नावाचं गाव लागतं, त्याचा प्रमुख अरादेश आणि त्याच्या तोंडी चक्क 'धर्म' येतो? आवाज कुणाचा? टीव्हीवरच्या 'मंक'चा, म्हणजे टोनी शालूबचा! अरादेशची मुलगी तांडी पुढे 'न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक'ची अध्यक्ष होते आणि खुर्चीवर बसते किती? ५२ वर्षं!

त्या रिपब्लिकच्या झेंड्यावर दोन डोक्यांचं अस्वल आहे. धड एक, डोकी दोन. हुबळी-धारवाडकरांनो, ओळखीचं वाटतंय ना? आपली दोन शहरं वीसेक किलोमीटरवर, पण १९६२ पासून महापालिका एकच!

आता भागांची जुंपूया. पहिला 'फॉलआउट' म्हणजे पाण्यासाठी जिवाची धावाधाव. व्हॉल्ट १३ ची पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय, तुमच्या हातात १५० दिवस. घड्याळ चालू! नळाला पाणी कधी येणार म्हणून कान टवकारून बसणाऱ्या हुबळी-धारवाडकरांना हे टेन्शन वेगळं समजावायला नको. पण खरा षटकार शेवटी आहे. मुख्य खलनायकाला गोळी न घालता हरवता येतं. त्याची म्युटंट जमात वांझ आहे, तिला पुढची पिढीच नाही, एवढं पुराव्यानिशी पटवून द्या. तो स्वतःच स्वतःला संपवतो! १९९७ मध्ये हे सुचणं म्हणजे कमाल आहे. गेमचा निर्माता टिम केन आणि त्याच्या टीमला इथे कडक सलाम.

'फॉलआउट २', १९९८. माहीत आहे का, हिरोची बुद्धी मुद्दाम कमी ठेवली की तो बोलताना नुसतं 'हं, उं' करतो? पण क्लॅमथ गावातल्या भोळ्या टॉरशी गाठ पडली की दोघांची चर्चा एकदम विद्वानांसारखी रंगते! असा खट्याळपणा पुढच्या भागांत फार कमी सापडतो.

मग मालिका बेथेस्डा या गेम कंपनीकडे गेली. २००७ मध्ये सगळे हक्क विकत घेतले, किंमत ५७.५ लाख डॉलर. 'फॉलआउट ३' थ्रीडी झाला आणि हिरोच्या बाबांना आवाज दिला लियम नीसननं. या गेममधली ट्रेन मात्र जगावेगळी! २००९ च्या 'ब्रोकन स्टील' या जोडभागात मेट्रोचा प्रवास आहे. गेमच्या इंजिनमध्ये चालती गाडी करायची सोयच नव्हती. मग डेव्हलपर्सनी काय केलं? डबा कपड्यासारखा बनवला आणि पात्राच्या अंगावर चढवला. पळतं पात्र, दिसते ट्रेन! १,५०७ मीटरचा जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म मिरवणाऱ्या हुबळीत या जुगाडावर एक शिट्टी तर झालीच पाहिजे.

'न्यू व्हेगास', २०१०. ऑब्सिडियन या स्टुडिओनं जेमतेम १८ महिन्यांत उभा केला. संवाद ६५ हजार ओळींचे, तेव्हाचा थेट गिनीज रेकॉर्ड! 'फ्रेंड्स'मधला मॅथ्यू पेरी इथे सुटाबुटातला ठग. आणि हृदयाला घरं पाडणारा आकडा ऐका. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले असते तर कंपनीला बोनस मिळणार होता. पडले ८४. एका गुणानं हुकला!

'फॉलआउट ४'नं आकड्यांचा पाऊस पाडला. संवाद १ लाख ११ हजार ओळी, पहिल्याच दिवशी दुकानांत पोचलेल्या प्रती १ कोटी २० लाख. पण हिरोला आवाज मिळाला आणि खेळणाऱ्याची निवड आटली. उत्तरं चारच, त्यांतलीही बरीच एकाच अर्थाची. ओळी वाढल्या म्हणून गप्पा रंगत नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

अरे हो, टोपणं राहिलीच! या जगात चलन म्हणजे सोड्याच्या बाटलीची पत्र्याची टोपणं. एका पठ्ठ्यानं खरीखुरी दोन हजारांहून जास्त टोपणं साठवली, खोक्यात भरून बेथेस्डाला धाडली आणि म्हणाला, ही घ्या 'फॉलआउट ४'ची किंमत. कंपनीनं ती घेतली!

२०१८ चा 'फॉलआउट ७६'? ऑनलाइन, भलामोठा नकाशा, आणि गेममध्ये बोलायला एकही माणूस नाही. माणसं आली २०२० मध्ये, अपडेटमधून. एवढ्यावर पुढे जाऊ.

२०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर 'फॉलआउट'ची वेबसिरीज आली आणि नवी पोरंही जुने भाग डाउनलोड करू लागली. तुम्हीही करणार असाल तर माझा क्रम पक्का: आधी 'न्यू व्हेगास', तो जुन्या पीसीवरही आरामात पळतो. मग १९९७ चा पहिला. 'फॉलआउट ४' सुट्टीत. आणि '७६' खेळायचाच तर मित्रांची टोळी जमवून, एकट्यानं अजिबात नको!