रोग्याचे गुपित आणि राखणदाराची जबाबदारी

वैद्यापासून रोग आणि वकिलापासून गुन्हा लपवू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. या उपदेशामागे एक गृहीत होते. ऐकणारा ते आपल्यापाशीच ठेवील, हे ते गृहीत. वैद्याच्या खोलीत उच्चारलेला शब्द बहुधा त्या चार भिंतींतच राहत असे. आज तोच शब्द केसपेपरच्या खिडकीपाशी संगणकात शिरतो आणि दूरच्या राजधानीतील यंत्रात जाऊन साठतो. तो पुढे किती जणांच्या नजरेखालून जातो, याची सांगणाऱ्यास गंधवार्ताही नसते. खासगी दुकानदाराने नको ती माहिती विचारली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकते. सरकारने विचारली तर सामान्य माणसाने जावे कोठे?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाविरोधी लसीकरण सुरू झाले आणि त्याची सारी नोंद ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर होऊ लागली. २२० कोटींहून अधिक मात्रांचा हिशेब या यंत्रणेने ठेवला, आणि ही कामगिरी कोणीही नाकारू नये. परंतु जून २०२३ मध्ये असे उघडकीस आले की, ‘टेलिग्राम’वरील एका स्वयंचलित खात्यास केवळ मोबाइल क्रमांक पुरविला की त्या व्यक्तीचे नाव, जन्मवर्ष, लसीकरण केंद्र आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या आधार किंवा पारपत्राचा क्रमांक हाती पडतो. आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार व खोडसाळ ठरविल्या. यंत्रणा पूर्णतः सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. त्याच सुमारास सरकारतर्फे असेही सांगण्यात आले की, ही माहिती पूर्वी कधीतरी चोरीस गेलेल्या साठ्यातील दिसते. चोरी आज झाली नसून आधीच झाली होती, हे ऐकून घरधन्याने समाधान मानावे काय? चौकशीचा सविस्तर वृत्तान्त मात्र नागरिकांच्या हाती पडला नाही.

त्याआधी सातच महिन्यांपूर्वी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे ‘एम्स’वर, सायबर हल्ला झाला होता. देशातील या अग्रगण्य रुग्णालयाचे पाच सर्व्हर निकामी झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत सर्व कामे हाताने करावी लागली. संस्थेच्या संगणकीय जाळ्याची विभागणी नीट नव्हती, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितले. सोप्या भाषेत बोलायचे तर, वाड्याच्या एका खोलीत शिरलेल्या चोरास आतली दारे उघडीच सापडली.

पैशाची चोरी आणि रोगाच्या माहितीची चोरी यांत मूलभूत भेद आहे. बँकेचे कार्ड हरवले तर ते रद्द करता येते. क्षयाची, मनोविकाराची वा गर्भपाताची नोंद एकदा बाहेर पडली की ती कोणत्याही अर्जाने परत घेता येत नाही. सिंगापूरमध्ये जानेवारी २०१९ मध्ये एचआयव्हीबाधित अशा १४,२०० व्यक्तींची सरकारी नोंदवहीतील माहिती फुटल्याचे जाहीर झाले. त्या माणसांनी आपल्या शेजाऱ्यापुढे आणि नोकरीतील वरिष्ठापुढे कोणत्या तोंडाने जावे? आपल्याकडील २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा रुग्णाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन घालतो, ते या जाणिवेपोटीच. बभ्रा होण्याची धास्ती बसली की रुग्ण तपासणीला येतच नाही, आणि त्याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते.

त्याच सिंगापुरात २०१८ मध्ये ‘सिंगहेल्थ’ या सार्वजनिक रुग्णालय-समूहातील १५ लाख रुग्णांची माहिती चोरीस गेली होती. त्यांत खुद्द पंतप्रधानही होते. सरकारने २० जुलै रोजी ही गोष्ट आपण होऊन जाहीर केली आणि चौकशी समिती नेमली. समितीने बरीचशी साक्ष खुल्या सुनावणीत घेतली व जानेवारी २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. दोन्ही संबंधित संस्थांना मिळून दहा लाख सिंगापूर डॉलरचा दंड झाला. दोन कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, आणि संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्यालाही आर्थिक शिक्षा भोगावी लागली. चोरी तेथेही झाली. परंतु ती लपवली गेली नाही आणि दोष कोणाचा, हे जनतेस समजले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला. मुख्य बंधने पाळण्यास त्यांनी आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. माहिती फुटल्यास प्रत्येक संबंधित व्यक्तीस कळविण्याची सक्ती या कायद्यात आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. पण हा दंड जमा होणार सरकारच्या संचित निधीत! ज्याचे गुपित फुटले, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. उलट माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे कलमही याच कायद्याने वगळले. आणि कसूर केंद्र सरकारच्याच खात्याची असली, तर दंड एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार. न्यायनिवाडा करणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच करणार. खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकास मात्र दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

संगणकास विरोध करण्याचा हा काळ नव्हे. आरोग्य खात्याच्या चौदा आकडी ओळख क्रमांकांची संख्या ७० कोटींवर गेली आहे. खेड्यातील रुग्णाचे जुने अहवाल शहरातील डॉक्टरला क्षणार्धात दिसावेत, यात रुग्णाचेच हित आहे. मात्र जी माहिती उपचारास लागत नाही ती मागूच नये. जी मागितली ती कोणी, केव्हा पाहिली याची नोंद रुग्णास दाखवावी. प्रत्येक मोठ्या गळतीची चौकशी सरकारबाह्य तज्ज्ञांकडून व्हावी आणि तिचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. भरपाईचा हक्क कायद्यात पुन्हा आणावा. यांतील एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. हवी आहे ती चूक कबूल करण्याची तयारी.

बैल गेला आणि झोपा केला, ही आपल्याकडील जुनीच रीत. येथे तर बैल गेल्यावरही गोठा सुरक्षित असल्याची ग्वाही दिली जाते. लसीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोट्यवधी लोकांनी सरकारवर विश्वास टाकून आपला क्रमांक सांगितला. पुढची साथ येईल तेव्हा त्याच लोकांना पुन्हा रांगेत बोलवावे लागणार आहे. त्या वेळी ते निःशंक मनाने येतील की खोटा क्रमांक सांगतील, हे मागील गळतीचा आज कोणता हिशेब दिला जातो, त्यावर ठरेल.