बाळहातांचा पार्थिव गणेश

श्रावण सरत आला की बालवर्गांतून शाडूच्या ओल्या मातीचा गंध येऊ लागतो. अशाच एका वर्गात आम्ही बसलो होतो. पाच वर्षांच्या एका मुलाने गणपती घडविला होता. सोंड जाड, एक कान मोठा, एक लहान. बाईंना राहवले नाही. त्यांनी मायेने सोंड वळवून दिली, कान सारखे केले. मूर्ती सुबक झाली खरी, परंतु ते मूल ती घरी नेईना. “हा बाईंचा आहे,” एवढेच ते म्हणाले. त्या तीन शब्दांनी आम्हांस विचारात पाडले.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण पूजितो तो पार्थिव गणेश, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. प्राणप्रतिष्ठेने त्यात देवत्व येते आणि उत्तरपूजेनंतर तो जळात विलीन होतो. मग रेखीवपणाचा एवढा आग्रह बालकाच्या मूर्तीविषयी कशासाठी?

कृती अगदी सोपी आहे. शाडू भिजवून कणकेसारखा मळावा. मोठा गोळा पोटाचा, लहान मस्तकाचा. लांब वळकटी सोंडेची, दोन चपट्या चकत्या कानांच्या. जोडताना पाण्याचे बोट फिरवावे, नाहीतर वाळल्यावर भाग सुटतात. मूर्ती सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिला तडे जातात.

पत्रींचा परिचयही याच दिवसांत व्हावा. दूर्वा मोजता मोजता एकवीसपर्यंत अंक येतात. तुळस, मरवा वासावरून ओळखता येतात; पिंपळाच्या पानाला रंग लावून कागदावर ठसा घेतला की शिरांचे जाळे उमटते. मात्र धोतरा, कण्हेर व रुई विषारी आहेत. ती मोठ्यांनीच हाताळावीत.

हा विचार नवा नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने उभी केली. महागड्या साहित्यावाचून मुलाचे काही अडत नाही. अडते ते मोठ्यांच्या उतावीळ हातांमुळे.

म्हणून माता-पित्यांस आमची विनंती आहे. पूजेची मूर्ती परंपरेप्रमाणे आणावी; तिच्याशेजारी पाटावर बाळाच्या गणपतीलाही जागा द्यावी, एक दूर्वा त्यालाही वाहावी. पाहुण्यांसमोर त्याच्या वाकड्या सोंडेला हसू नये. विसर्जन घरीच बादलीत करावे. शाडू हळूहळू विरतो व तळाशी बसतो. ते पाहताना बाळाचे डोळे कदाचित भरून येतील. त्यास जवळ घ्यावे आणि वरचे पाणी निथळून ती माती जपून ठेवावी. पुढल्या भाद्रपदात तीच माती पुन्हा भिजेल, आणि तिला आकार देणारे हात वर्षाने मोठे झालेले असतील.