अकरा बिटांचा पत्ता

पाकिटावर 423102 लिहिलं की पत्र देवळ्यात येतं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा अंकी पिन पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. संगणकाच्या आतल्या पत्त्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी हा पिन आठवला आणि मग टिफ्रॅक.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संगणक बांधला. 1956 मध्ये छोटा नमुना, 1960 मध्ये पूर्ण यंत्र, 1962 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नामकरण. मी अडकले ती मात्र त्याच्या मेमरीत.

शब्द 2048 आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक कडी धरली, तर कड्या होतात 81,920. मालेगावचा माग पाहिलेल्याला ही रचना सांगावी लागत नाही. उभ्या-आडव्या तारा ताणलेल्या, प्रत्येक छेदावर एक कडी ओवलेली. एका तारेतल्या प्रवाहानं कडी हलत नाही. अर्धा जोर उभ्या तारेचा, अर्धा आडव्या तारेचा. दोन्ही भेटतात तिथल्याच कडीचं चुंबकत्व उलटतं. पत्ता इथे नुसता आकडा नव्हे, तारांचा खराखुरा छेद आहे. शिवाय वाचलं की कडीतलं पुसलं जातं, म्हणून वाचल्या वाचल्या तेच पुन्हा लिहायचं. दर वेळी. या चिकाटीचं मला फार अप्रूप वाटतं.

2048 जागांना अकरा बिटांचा पत्ता पुरतो. आज आपण आठ-आठ बिटांच्या बाइटला पत्ता देतो. टिफ्रॅकमध्ये एका पत्त्यावर चाळीस बिट एकदम हाती येत.

आता केंब्रिजच्या ‘चेरी’ प्रकल्पात पत्ताच लांब करण्याचा उलटा प्रवास चालू आहे. 64 बिटांच्या यंत्रावर पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता धरणारा शब्द, 128 बिटांचा, वर एक छुपा बिट. त्यात जागेच्या पत्त्याबरोबर तिची हद्द आणि परवानगीही असते. हद्द ओलांडली की प्रोसेसर तिथेच अडवतो. घुसखोरीच्या कितीतरी वाटा यानं बंद होतात, म्हणून मला हा पॉइंटर हवासा वाटतो. पण दुप्पट लांबीचे पत्ते मेमरी खातात, प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी (कॅश) लवकर भरते. पॉइंटर म्हणजे साधी पूर्णांक संख्या, असं धरून लिहिलेले जुने प्रोग्रॅम अडखळतात. ते शोधून दुरुस्त करणं हे चिवट, वेळखाऊ काम आहे. आयबीएमच्या सिस्टिम/38 नं 1978 मध्येच 128 बिटांचा पॉइंटर आणला होता, तरी बहुतेक जग आखूड पत्त्यांवरच राहिलं. कारण पत्ता एकट्या यंत्राचा नसतो. ज्यानं ज्यानं तो लिहून ठेवला, त्या सगळ्यांचा असतो.

टपाल खात्यानं 2025 मध्ये दहा अक्षरी डिजिपिन आणला, साधारण चार मीटरच्या चौकोनाला एक. देवळ्याच्या पत्रांवर 423102 अजून चालतो.