राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जुहू

राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही मुंबईच्या जुहू उपनगरातील संगणकशास्त्राची संशोधन व प्रशिक्षण संस्था होती. ‘एनसीएसटी’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाई. भारतातील तंत्रशिक्षण व संशोधन संस्थांचे संगणक विभाग परस्परांशी आणि जगाशी जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याचे ते प्रमुख केंद्र होते. सर्वसामान्य नागरिकांसाठी भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे अध्यापक व विद्यार्थी यांचा संगणकीय पत्रव्यवहार या जाळ्यावर सुरू होता.

पार्श्वभूमी

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे संगणकतज्ज्ञांची एक पिढी घडली. याच संस्थेतील सॉफ्टवेअरविषयक केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. डॉ. श्रीनिवासन रमाणी तिचे पहिले संचालक होते. संस्थेचे कार्य जुहूतील गुलमोहर क्रॉस रोड क्र. ९ येथून चाले.

अर्नेट

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प हाती घेतला. त्यात आठ सहभागी होते : मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग आणि एनसीएसटी. १९८६-८७ मध्ये एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एकाच शहरातील दोन संस्थांमधला हा दुवा म्हणजे पुढील देशव्यापी जाळ्याचा पहिला धागा होय. १९८९ मध्ये अमेरिकेतील ‘यूयूनेट’शी सेकंदाला ९,६०० बिट वेगाची जोडणी झाली.

संदेशवहनाची पद्धत

आरंभीच्या काळात संगणक सतत जोडलेले नसत. दिवसभरातील पत्रे एका संगणकात साठवली जात. ठरावीक वेळी तो दुसऱ्या संगणकाला दूरध्वनी करी, पत्रांची अदलाबदल होई आणि दूरध्वनी बंद होई. पत्र दूरच्या संस्थेत जायचे असल्यास ते असे टप्प्याटप्प्याने पुढे सरके. या पद्धतीत पाठवणाऱ्याला वाटेतील प्रत्येक संगणकाचे नाव पत्त्यात क्रमाने लिहावे लागे. जणू पाकिटावर वाटेतल्या प्रत्येक टपाल कचेरीचे नाव लिहावे. पुढे क्षेत्रनामांची पद्धत रुळली आणि केवळ अंतिम ठिकाण लिहिणे पुरेसे झाले. जुहूतील यंत्रांची ‘शक्ती’, ‘साथी’, ‘संगम’ ही नावे अशा पत्त्यांतूनच दूरदूरच्या वाचकांना परिचित झाली.

९,६०० बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम १,२०० अक्षरे. दोन हजार अक्षरांचे पत्र या तारेवरून दोन सेकंदांत जाई. पण दहा लाख अक्षरांच्या संचिकेला सुमारे चौदा मिनिटे लागत. त्या वेळात इतर संस्थांची पत्रे खोळंबत. त्यामुळे मोजके लिहिणे हा केवळ शिष्टाचार नव्हता; ती सामाईक साधनाची राखण होती.

वृत्तगट आणि समूहजीवन

ई-मेल व्यक्तीला उद्देशून असते, तर वृत्तगटावरील लेखन गटातील सर्वांसाठी असते. ‘यूझनेट’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १९७९-८० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून उभी राहिली. परदेशी जोडणीनंतर भारतीय संगणक विभागांनाही तिचा लाभ होऊ लागला. परदेशी नियतकालिके महाग असत व टपालाने उशिरा येत. वृत्तगटावर विचारलेल्या शंकेचे उत्तर मात्र थोड्या दिवसांत, कधी दुसऱ्या खंडातील तज्ज्ञाकडूनही मिळे. तांत्रिक प्रश्नांबरोबरच परिषदांच्या सूचना, नव्या आज्ञावली आणि मायदेशाच्या बातम्या यांचीही देवघेव होई. प्रश्न विचारण्यापूर्वी जुनी उत्तरे वाचावीत, इतरांना पडणाऱ्या शंकांची उत्तरे एकत्र करून ठेवावीत, असे अलिखित नियम या समूहांनी घडवले.

भाषेचा प्रश्न

या यंत्रणेत प्रचलित असलेल्या ‘आस्की’ संकेतात १२८ चिन्हे होती; त्यांत देवनागरीला स्थान नव्हते. परिणामी मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा स्वतंत्र वृत्तगट अस्तित्वात आला, तरी मराठीला तेथे परक्या लिपीतच वावरावे लागले. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. मात्र देवनागरीतील संदेश सर्वत्र सारखेच दिसणे युनिकोडच्या प्रसारानंतरच शक्य झाले. लिनक्स प्रणालीत भारतीय भाषा आणणारा ‘इंडिक्स’ आणि इंग्रजी-हिंदी यंत्रानुवादाचा ‘मात्रा’ हे एनसीएसटीचे या दिशेचे उल्लेखनीय प्रकल्प होत.

अन्य कार्य

भारताचे ‘डॉट इन’ हे क्षेत्रनाम १९८९ मध्ये अस्तित्वात आले. त्याच्या नोंदणीचे काम एनसीएसटीने दीर्घकाळ सांभाळले. जानेवारी २००५ पासून नवी नोंदणी व्यवस्था लागू झाली आणि हे नाव सर्वांसाठी खुले झाले. सॉफ्टवेअर तंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही संस्था चालवीत असे.

विलीनीकरण आणि महत्त्व

२००३ मध्ये एनसीएसटी ‘सी-डॅक’ या संस्थेत विलीन झाली व जुहूचे केंद्र सी-डॅक मुंबई म्हणून कार्य करू लागले. डॉ. रमाणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. भारतीय इंटरनेटचा इतिहास १९९५ पासून सांगण्याचा प्रघात असला, तरी त्याचा पाया त्याआधी संगणक विभागांनी घातला होता. जाळे चालवण्याचा अनुभव असलेली माणसे आणि ज्ञान वाटून घेण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्या विभागांत आधीच तयार झाल्या होत्या.