मुंबईच्या जोडीने आंदण गेलेले शहर

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली, हे आपण शाळेत घोकलेले आहे. पण १६६१ च्या त्याच तहात आणखी एक बंदर होते. मोरोक्कोच्या उत्तर टोकावरचे टँजियर. इंग्रजांना त्या वेळी ह्याचेच अप्रूप अधिक, कारण भूमध्य समुद्राचे तोंड त्याच्या हाताशी. त्यांनी तेथे तट बांधले, समुद्रात मोठा धक्का घातला; आणि खर्च झेपेना तेव्हा १६८४ मध्ये तोच धक्का सुरुंगांनी उडवून देऊन ते चालते झाले. मुंबई तर १६६८ मध्येच सालीना दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीला देऊन टाकलेली. कोणते आंदण फळले, हे मुंबईशेजारच्या माणसांना काय सांगावे!

ह्या शहराची बदनामी मात्र अलीकडची. १९२३ च्या करारान्वये त्याचा कारभार अनेक राष्ट्रांनी वाटून घेतला, आणि १९५६ पर्यंत, मधली युद्धकाळातली स्पॅनिश सत्तेची वर्षे सोडली तर, तो तसाच चालला. प्राप्तीवर कर नाही, नाण्यांच्या अदलाबदलीवर बंधन नाही. मग पेढीवाले आले, पाठोपाठ चोरटे व्यापारी आणि हेर आले. अनेक धन्यांच्या घरात दार कोणी लावायचे, हा प्रश्न असतोच.

दोन दिवसांच्या पाहुण्याला ह्या इतिहासाचा गाळ अजून पायांखाली लागतो. जुन्या शहराच्या माथ्यावर कसबा आहे. हो, आपल्या कसबा पेठेतला तोच अरबी शब्द. तेथे त्याचा अर्थ तटबंदीची वस्ती. खाली अरुंद बोळ, पुदिन्याचा गोड चहा, आणि न बोलावता बरोबर चालू लागणारे वाटाडे. खिसा सांभाळावा, रात्री अनोळखी बोळात शिरू नये. एवढी काळजी पुरते. प्रवाशाला भय आहे ते इतकेच. खरे भय तेथल्या तरुणांच्या वाट्याला आहे.

समोरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली की स्पेनचे डोंगर दिसतात. १९९१ पर्यंत मोरोक्कोच्या माणसाला तिकडे जाण्यास व्हिसा लागत नसे. त्या वर्षी स्पेनने तो लागू केला आणि लहान होड्यांतून रात्री निघणे सुरू झाले. जोरदार प्रवाह, पूर्वेचा वारा आणि मोठ्या जहाजांची रहदारी ह्यांत कित्येक बुडाले. अशा माणसाला तेथे ‘हर्राग’ म्हणतात, म्हणजे जाळणारा. परत पाठविता येऊ नये म्हणून आपली कागदपत्रे जाळून निघणारा. पारपत्र आणि व्हिसा खिशात असलेला पाहुणा तेच पाणी तासाभरात बोटीने ओलांडतो.

इब्न बतूता ह्याच गावचा. १३०४ चा जन्म, १३२५ मध्ये हजला म्हणून निघाला तो आपल्या दौलताबादेपर्यंत येऊन गेला. त्याची म्हणून दाखविली जाणारी कबर एका बोळात आहे. पण गर्दी असते ती गावाबाहेरच्या टेकडीवर. तेथे खडकात खोदलेली फिनिशियन काळची रिकामी थडगी आहेत. संध्याकाळी मुले त्यांच्या कडेला बसतात, आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहत राहतात.